दहा गाणी आणि एक अर्ज

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांच्या घरात कोणी अल्बम काढायला घेतला नव्हता. घेतला असता तर त्यांनी लग्न आणि घर या किरकोळ गोष्टींचा उल्लेखही केला नसता. माझं दोन्ही करून झालं आहे. दोन्हींत मिळून झाली नाही इतकी माझी शोभा गेल्या महिन्यात दहा गाण्यांनी केली.

गाणी माझ्या मुलीची. वय चोवीस, पदवी पहिल्या वर्गात, आणि त्या पदवीचा उपयोग म्हणाल तर गिटारची पेटी डगमगते तेव्हा खाली द्यायला. तिचा तीन जणांचा बँड आहे. बँडचं नाव 'गळका नळ'. मी गेली एकोणतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नोकरी करतो. "या नावाचा तुमच्या खात्याशी काही संबंध नाही, बाबा," असं तिने मला समजावून सांगितलं. आमच्या साहेबांना ते समजावून सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

बँड ऑल्टरनेटिव्ह रॉक वाजवतो. ऑल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी, इतकं मला कळतं. कशाला पर्याय, असं मी एकदा जेवताना विचारलं. मुलगी म्हणाली, "तुम्हाला जे जे आवडतं त्या सगळ्याला." निदान व्याख्या स्पष्ट होती.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी आवक विभागात बसतो. खात्याला येणारा प्रत्येक कागद माझ्या खिडकीतून आत जातो, म्हणजे जायचा असतो. फोटोवर सही अर्धी नसेल, खाडाखोडीजवळ आद्याक्षर नसेल, जोडपत्राला क्रमांक नसेल, तर मी लाल पेनाने त्रुटी लिहून कागद परत देतो. एकोणतीस वर्षांत माझ्या खिडकीतून पहिल्या फेरीत एकही अर्ज आत गेलेला नाही. लोक मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. काही जण समोरही म्हणतात.

तर गेल्या महिन्यात आमच्या खात्यात कनिष्ठ लिपिकाची एक जागा निघाली. मी मुलीला अर्ज आणून दिला. ती म्हणाली, आधी अल्बम. मी म्हणालो, आधी अर्ज. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. शेवटी तिसऱ्या दिवशी आम्ही करार केला, लेखी. त्याच महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत अल्बमची दहाही गाणी रेकॉर्ड झाली, तर मी जन्मात नोकरी हा शब्द काढणार नाही. न झाल्यास तिने त्याच पाचच्या आत तो अर्ज भरून माझ्या खिडकीत द्यायचा. पाच वाजता अर्जाची मुदतही संपत होती, त्यामुळे हिशेब सुटसुटीत. दोघांनी सह्या केल्या. बायकोने साक्षीदार म्हणून सही केली आणि म्हणाली, "दोघंही एकाच कारखान्यातून निघालेत."

मी निर्धास्त होतो. कारण यांनी ठरवलेला स्टुडिओ त्याच आठवड्यात व्यायामशाळा झाला होता. शिवाय बँडमध्ये ड्रम वाजवणारी मुलगी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांचे दात उपटून उरलेला जोर ती ड्रमवर काढते. ती एक तारखेला सकाळी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जाणार होती, ती तीन वर्षांसाठी. म्हणजे मुदतवाढ नाही. जागा नाही, वेळ नाही, आणि तिसरा मेंबर बास गिटार वाजवतो तो कुणाशी बोलतच नाही. त्याला आम्ही मौनी म्हणतो. अशा परिस्थितीत नियतीच माझ्या बाजूने होती.

माझी बायको मात्र नव्हती. "मागच्या खोलीत करा की," ती म्हणाली.

मागची खोली माझी आहे. म्हणजे तिथे माझं कपाट आहे आणि रविवारी दुपारी मी तिथे आडवा होतो. संध्याकाळी घरी आलो तर खोलीच्या चारी भिंतींना घरातल्या सगळ्या गाद्या उभ्या करून दोरीने बांधलेल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. खिडकीला माझा कोट लावलेला. कोट जाड असल्याने आवाज चांगला शोषतो, असं रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने सांगितलं. त्याच्या कानांवर सदैव मोठे हेडफोन असल्याने त्याला कानवाला म्हणतात. माझ्या कोटाचं इतकं कौतुक ऑफिसात कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही सगळे सतरंजीवर झोपू लागलो, कारण गाद्या कामावर होत्या.

शेजाऱ्यांना बातमी लागायला फार वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते आले, खोली पाहिली, आणि म्हणाले की गाद्यांनी काही होत नाही, भिंतींना पुस्तकं लावा. आपल्याकडची जुनी क्रमिक पुस्तकं द्यायची त्यांनी तयारी दाखवली, आणि नको म्हणायच्या आत चार गठ्ठे आणून टाकले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की घसा साफ राहायला हळद उत्तम. गाणं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, हळदीने नाही जायचं, डॉक्टरांना दाखवा. मी बाजूलाच बसलेल्या ड्रमवालीकडे बोट करून डॉक्टर घरातच असल्याचं सांगितलं. काकूंनी लगेच तोंड उघडून दाढ दाखवली. पाऊण तास रेकॉर्डिंग थांबलं.

मग सोसायटीच्या चिटणिसांची नोटीस आली. 'आपल्या सदनिकेत ध्वनिनिर्मिती चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. रीतसर परवानगी घेतल्याशिवाय ती बंद ठेवावी.'

खरं म्हणजे माझं काम फत्ते झालं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. अल्बम आपोआप बुडाला असता, मुलगी माझ्या खिडकीत आली असती, आणि दोन वर्षांनी कायम झाली असती. पण मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही एक अर्ज लिहून द्याल? अर्जातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" आता सांगा, एकोणतीस वर्षं ज्याच्या अर्जज्ञानाचं कुणी कौतुक केलं नाही त्याला त्याच्याच मुलीने असं विचारल्यावर तो काय करणार? मी टाक शोधायला लागलो. टाक म्हणजे बॉलपेनच, पण त्या वेळी मला टाकच वाटला.

मी आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज लिहिला. चिटणिसांनी तो दुसऱ्या दिवशी परत केला. वर लाल पेनाने लिहिलं होतं: 'विषय नमूद नाही.'

मला वाचून घाम फुटला. विषय खरोखरच राहिला होता. मी विषय लिहिला. पुन्हा परत: 'सर्व सदनिकाधारकांची ना हरकत जोडावी.' मी अकरा दारं वाजवली. अकरा ठिकाणी चहा घेतला, अकरा जणांकडून मुलीच्या लग्नाबद्दल सल्ला घेतला, आणि सह्या गोळा केल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या अर्जातल्या दोन चुका दुरुस्त करून मगच सही केली. पुन्हा परत: 'सह्यांसमोर दिनांक नाही.' मी जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिलो. आपल्या खिडकीसमोरून माणसं कसला चेहरा करून परत जातात ते मला त्या क्षणी कळलं. कळून फार बरं वाटलं असं नाही.

पण त्या क्षणापासून मी बदललो. संगीतासाठी नव्हे, गैरसमज नको. अब्रूसाठी. चिटणीस म्हणजे कोण, तर एका गोदामातला नोंदणी कारकून. त्याने माझा कागद तीनदा परत करावा? मी चौथा अर्ज असा दिला की त्यात हरकत काढायला सुईच्या अग्राएवढी जागा नव्हती. बारा तारखेला परवानगी मिळाली: सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा. तो कागद घेऊन मी घरात शिरलो तेव्हा मुलीने मला मिठी मारली. असं तिने दहावीच्या निकालानंतर केलं नव्हतं. मी 'बरं बरं' म्हणून कपड्यांवरची धूळ झटकली.

अल्बम कसा होतो हे तुम्हाला माहीत नसेल तर सुखी आहात. एकच गाणं ही मंडळी तेवीस वेळा वाजवतात. तेवीस वेळा मला ते सारखंच वाटतं. मग कानवाला हेडफोन सरकवून म्हणतो, "सतरावं चांगलं होतं." म्हणजे पुढची सहा उगाच. मध्ये कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमचा कुकर आठ वाजता लागू लागला आणि दुपारी आम्ही गार भात जेवू लागलो. दारावरची बेल काढून ठेवली, त्यामुळे गॅसवाला दोनदा येऊन परत गेला. तिसऱ्या दिवशी गॅस संपला आणि भातही बंद झाला.

तरी चोवीस तारखेपर्यंत सहा गाणी झाली. मला त्यातलं एकही आवडलं नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. एका गाण्यात मुलगी चार मिनिटं 'रांगेत उभी आहे' एवढंच म्हणते. पण ते म्हणताना तिचा चेहरा मी दाराच्या फटीतून पाहिला. ही पोरगी घरात चहाचा कप उचलायला तीन हाका मारायला लावते. आणि इथे तेविसाव्या वेळी, घामाने केस चिकटलेले असताना, स्वतःहून म्हणत होती, "अजून एकदा घेऊ." मी दार हळूच लोटून घेतलं.

पंचवीस आणि सव्वीसला ड्रमवालीला प्रवासाच्या कागदपत्रांसाठी जायचं होतं, म्हणून सुट्टी होती. आणि इथे माझ्या अंगात दुर्बुद्धी संचारली. मुलीच्या गिटारचा आवाज मोठा करणारा एक जुना खोका आहे, अ‍ॅम्प्लिफायर. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून तिने घेतलेला. त्याच्यातून सतत खरखर यायची. फाटक्या पिशवीत वारा शिरावा तशी. मी सहाही गाणी ती खरखर सहन करत ऐकली होती. मला वाटलं, बिचाऱ्यांना दुरुस्त करायला सवड मिळाली नाही. आपण गुपचूप करून द्यावा, पोरगी खूश होईल. तुमच्याही डोक्यात असं काही आलं तर त्या दिवशी घराबाहेर पडू नका.

आमच्या चौकात रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. मी खोका त्याच्याकडे नेला. त्याने उघडून पाहिला आणि हळहळला. "आत स्पीकरचा कागद फाटलाय हो. कुणी अशी अवस्था केली याची?" त्याने फाटका कागद काढला, नवा बसवला, तारा बदलल्या, आतली जळमटं पुसली, वर तेल लावून खोका चकचकीत केला. सव्वीसला संध्याकाळी मी तो परत जागेवर ठेवला आणि वर रुमालाने पुसून घेतला.

सत्तावीसला मी खास रजा टाकली होती. अकरा वाजता मुलीने बटण दाबलं आणि गिटारची तार छेडली. आवाज आला तो इतका स्वच्छ, इतका गुळगुळीत, की आता रेडिओवर बातम्या लागणार असं वाटलं.  मौनी तोंड उघडून म्हणाला, "मेलो." महिन्याभरात त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेला हा पहिला शब्द.

मी दारातून हसत विचारलं, "कसा वाटतोय? करून आणला मी."

कानवाल्याने मला शांतपणे समजावलं. ती खरखर हाच त्या अल्बमचा आवाज होता. त्या आवाजासाठीच मुलीने हा फाटका खोका शोधून शोधून घेतला होता. सहा गाणी त्या आवाजात झाली होती. उरलेली चार या आवाजात केली तर एका अल्बममध्ये दोन वेगळे बँड वाटतील, आणि सगळी पुन्हा करायला दिवस नव्हते.

 मुलीने गिटार उतरवून ठेवली. "बाबा, तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"अगं, मुद्दाम कशाला करीन?"

"करार जिंकायला." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. "सरळ सांगायचं होतंत, मी आधीच अर्ज भरला असता."

मी एकोणतीस वर्षांत एक कागद लपवला नाही, एक तारीख बदलली नाही, आणि माझ्या पोटच्या पोरीने मला लबाड ठरवलं. मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं, कारण तिने जे पाहिलं होतं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. मीठ हवं असेल तर ती आईला सांगायची, आई मला सांगायची, आणि मिठाची बाटली माझ्यासमोरून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे जायची.

मी कारागिराकडे धावलो. फाटका कागद त्याने कचऱ्यात टाकला होता आणि कचरा गेला होता. "मग हा पुन्हा फाडून द्या," मी म्हणालो. म्हाताऱ्याने चष्मा काढला. "साहेब, चाळीस वर्षं मी वस्तू नीट करून दिल्या. बिघडवून मागणारे तुम्ही पहिले. माझ्या हातून नाही व्हायचं ते." वर म्हणाला, "आणि सहा महिन्यांची हमी आहे. बिघडला तर आणा, मी पुन्हा नीट करून देईन."

अठ्ठावीस तारीख इकडून तिकडून खोके मागून आणण्यात गेली. एकही तसा वाजेना. ड्रमवाली ड्रमजवळ बसून बॅगेत काय भरायचं त्याची यादी करत होती. एकोणतीसला मी अर्धी रजा टाकली, साहेबांना कारण 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं, आणि येताना ऑफिसातली दाभण खिशात घातली. जाड फायली शिवायला भोकं पाडायची दाभण. या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

चारला मी मागच्या खोलीत गेलो, खोक्यासमोर मांडी घातली आणि पुढची जाळी काढली. आत तो नवाकोरा कागद. मी आयुष्यात भेटवस्तूचं वेष्टनसुद्धा न फाडता, घडी करून ठेवणारा माणूस.  मी मुलीकडे न बघता म्हणालो, "तू वाजव. मी भोक पाडतो. बरोबर आलं की सांग."

ती दारात उभ्या असलेल्या आईकडे बघत राहिली. आईने नुसती मान हलवली. मग तिने गिटार उचलली.

मी एक भोक पाडलं. तिने तार छेडली. "आता?" मी विचारलं. ती आईला म्हणाली, "नाही म्हणावं." दुसरं पाडलं. तिसरं, चौथं. पाचव्यानंतर ती डोळे मिटून ऐकू लागली. नवव्याला आवाज किंचित चिरकला. "खाली," ती म्हणाली, थेट मला. "डावीकडे, बाबा. हळू." मी हळू पाडलं. तेराव्या भोकाला कागद टर्रकन थोडा फाटला आणि खोक्यातून ती जुनी भिकार खरखर बाहेर पडली. कानवाल्याने हेडफोन काढले आणि मान डोलावली. मौनीने माझ्या पाठीवर थाप मारली.

"मी मुद्दाम केलं नव्हतं," मी दाभण खिशात ठेवत म्हणालो.

"कळलं," ती म्हणाली. "सरका आता, सातवं घ्यायचंय."

सातवं त्याच संध्याकाळी झालं. तीसला सकाळी आठवं आणि नववं झालं. एक वाजला. दहावं राहिलं, ते चार ते सहाच्या वेळात होणार होतं. मी दुपारनंतर ऑफिसला गेलो, कारण अर्जांचा शेवटचा दिवस होता आणि रांग जिन्यापर्यंत गेली होती. मी त्या दिवशी छत्तीस अर्ज परत केले. लक्ष कशातच नव्हतं, त्रुटी आपोआप सापडत होत्या.

पाचला वीस मिनिटं असताना खिडकीसमोर माझी मुलगी उभी राहिली.

"दहावं झालं?" मी विचारलं.

"नाही. अर्धं झालंय."

"मग इथे काय करतेस? सहापर्यंत वेळ आहे ना तुम्हाला?"

"कागदावर पाच लिहिलंय, बाबा. सहा नाही. मी सही केलीय." आणि तिने खिडकीतून अर्ज आत सरकवला. घर दहा मिनिटांवर होतं. तिथे तिघं तिची वाट बघत बसले असणार, आणि त्यातली एक उद्या सकाळी जाणार.

मी अर्ज हातात घेतला. फोटोवर सही अर्धी, कागदावर अर्धी. खाडाखोड नाही. न लागणाऱ्या रकान्यांत 'लागू नाही', तिरकी रेघ नव्हे, पूर्ण शब्दांत. प्रत्येक जोडपत्राला क्रमांक, प्रत्येक प्रत साक्षांकित, वर यादी. मी पुढून पाहिला, मागून पाहिला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलावर निर्दोष अर्ज आला होता. मला अभिमान वाटला, आणि तरी शिक्क्याकडे हात जाईना. तिच्या बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मागचे गृहस्थ घसा खाकरू लागले.

"काही राहिलंय का?" तिने विचारलं.

"राहिलंय."

"शक्यच नाही. मी तीनदा तपासलाय."

मी लाल पेन घेतलं आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'अर्जासोबत अर्जदाराची इच्छा जोडलेली नाही. परत.' खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला, आणि अर्ज बाहेर सरकवला.

तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. 

"ही पूर्तता पाचच्या आत नाही व्हायची," ती म्हणाली.

"ते आम्ही बघत नाही," मी म्हणालो. "बाजूला व्हा. पुढे कोण आहे?"